मिसळणाच्या डब्यातले राजे

उस्मान परकारांच्या घरी मिसळणाचा डबा उघडला की हळद, मोहरी, जिरं यांच्याऐवजी राजे निघत. रत्नागिरीहून आणलेला पितळेचा गोल डबा, आत सात वाट्या, वाट्यांत कापसाच्या गाद्या आणि त्या गाद्यांवर ग्रीक राजे. चांदीचे, काळवंडलेले, आपल्या जुन्या रुपयापेक्षा जरा लहान पण चांगले जाडजूड. खरी हळद-मोहरी परकारांनी सिगारेटच्या रिकाम्या टिनांत हलवली होती. त्यामुळे त्यांच्या माशाच्या कालवणाला तंबाखूचा मंद वास यायचा. पण आलेगेले ते कालवणसुद्धा बोटं चाटून खात. माझ्या बायकोच्या आमटीत मीठ कमी पडलं तर हेच लोक पाणी मागून घेत.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला परकारांचा हेवा वाटत असे. थोडाथोडका नाही, भरपूर. या लिखाणात कुठे करपल्याचा वास आला तर वाचकांनी तो माझाच समजावा.

कुवेतमध्ये तेव्हा नवी घरं भराभर उठत होती. हवल्लीत अबू सालेम नावाच्या घरमालकाच्या दुमजली घरात आम्ही वर राहायचो आणि परकार खाली. मी एका ठेकेदाराकडे हिशेबनीस. परकारांचं शुवैखला बंदराजवळ दुकान होतं, जहाजांना लागणारे दोरखंड, रंग, कप्प्या असं सामान ठेवत. माणूस अंगानं आडवा, डोक्यानं तुळतुळीत आणि आवाजानं असा, की त्यांनी खाली कुजबुज केली तरी आम्हाला वर शब्द न् शब्द कळावा. घरात एकटेच. बायको वारल्याचं आम्हाला ठाऊक होतं, त्यापुढे कुणी काही विचारलं नव्हतं.

दर शुक्रवारी नमाजाहून आले की परकार डबा घेऊन बसत आणि माणसं जमत. रत्नागिरी-रायगडचे त्यांचे गाववाले, माझ्याच कचेरीतले दोघेतिघे, आणि खुद्द अबू सालेम. हा घरमालक मला पाहिलं की भाड्याची आठवण झाल्यासारखा गंभीर व्हायचा, पण परकारांकडे मांडी घालून बसायचा, कडू अरबी कॉफी, कावा, प्यायचा आणि त्या बैठकीला "परकारचा दिवाणिया" म्हणून मोठ्यांदा हसायचा. मी त्याला तीनदा चहाला बोलावलं होतं. तिन्ही वेळा त्याला काम निघालं.

आता या नाण्यांत एवढं काय होतं? तसं पाहिलं तर काही नाही. पण परकार त्या राजांबद्दल जे बोलायचे ते ऐकताना माणूस उठत नसे. शिकंदराच्या मागे त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतलं, ही गोष्ट शाळेत आपण सगळेच शिकतो आणि विसरतो. परकारांनी तिची थेट कोकणातली भाऊबंदकी करून टाकली होती.

"शिकंदर कवळ्या वयात मेला, वाटणीचा कागद केला नाय," ते सुरू करायचे. "मंग काय व्हणार? फणस एक नि भावकी धा घरांची! ह्यो टॉलेमी बगा, ह्यो लय बेरकी. सगळे रडत बसले तवा ह्यानं मयतच पळवली. शिकंदराची मयत! घेऊन गेला ती सरळ मिसरात, तुमच्या इजिप्तात. म्हणतो कसा, ज्याच्या घरात मयत त्याचा वाटा मोठा."

"आणि हा?" कुणीतरी विचारी.

"ह्यो लिसिमाकस. खजिन्यावर बसलेला. आपल्या नाण्यावर आपलं तोंड घालायची छाती नाय झाली ह्याची. मेलेल्या शिकंदराचंच घातलं, वर शिंगं चिकटवली. आणि ह्यो सेल्युकस, सगळ्यात शेवटी उभा ऱ्हायला तो. का उभा ऱ्हायला? हत्ती! आपल्याकडना नेलेले हत्ती. हत्ती आपले नि राज्य त्याचं."

कुणी नाणं हातात घेऊन तोलायला लागला, चांदी किती भरेल म्हणाला, की परकार लगेच ते काढून घेत. "माणूस बगा, चांदी बगू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टॉलेमी आणि सेल्युकस यांच्या वाट्या ते कधी शेजारी ठेवत नसत, ठेवल्या तर डबा आतून वाजतो म्हणत. एखाद्या राजाचं पाहुण्यानं जास्त कौतुक केलं तर बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून झाकण लावून टाकत. एकदा बाजारात त्यांना डिमिट्रियसनं दगा दिला, म्हणजे नाणं अस्सल असूनही त्याला कडेला चीर निघाली, तर चांगला आठवडाभर त्याला पालथा घालून ठेवला होता.

मी हे सगळं ऐकून घेतलं असतं हो. पण माझ्या घरात शिरलं तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड झाला. माझी बायको सुमन, जिला माझ्या बढतीची तारीख आठवत नाही, ती पोळ्या लाटता लाटता सेल्युकसचे हत्ती सांगायला लागली. आमची बेबी सहा वर्षांची, इंग्रजी शाळेत जायची. मी तिला कौतुकानं शिवाजीमहाराजांची गोष्ट सांगत होतो तर मध्येच म्हणते, "बट बाबा, परकारचाचा डझ द व्हॉइसेस!" म्हणजे चाचा आवाज काढून दाखवतात. आता मी हिशेबनीस माणूस, आवाज कुठून काढणार?

मग मी अभ्यास केला. कचेरीतल्या इंग्रज साहेबाकडे एक जाडजूड ज्ञानकोश होता, त्यात शोधून काढलं की शिकंदराच्या नाण्यावर सिंहाचं कातडं पांघरलेला जो माणूस आहे तो शिकंदर नव्हेच, तो हर्क्युलिस नावाचा त्यांचा एक पुराणपुरुष. पुढच्या शुक्रवारी भरल्या बैठकीत मी हे जाहीर केलं. जरा घसा खाकरून केलं.

परकारांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "जोशीभाऊ, नवरा सेहरा बांधून बसला का त्याचं तोंड वळखू येतं काय?"

"नाही."

"मंग नवरा दुसरा असतो काय?"

सगळे इतके हसले की अबू सालेमला अर्थ विचारावा लागला, आणि कुणीतरी त्याला अरबीत समजावल्यावर तो एकटा पुन्हा हसला. सुमनही हसली. ज्ञानकोश माझ्या बाजूनं होता, पण तो काही बोलायला उठला नाही.

त्यानंतर मी स्वतःचा संग्रह सुरू केला. टपालाची तिकिटं. वही आणली, चिमटा आणला, भिंग आणलं आणि शुक्रवारीच सगळ्यांना बोलावलं. एकच माणूस आला. नवीन होता, परकारांचं दार कुठलं ते विचारायला जिना चढला होता.

परकारांना जळताना पाहण्याचं सुख मला एकदाच मिळालं. कुवेतच्या किनाऱ्यासमोरच्या फैलाका बेटावर परदेशी लोक येऊन खणत होते, त्यांना तिथल्या मातीत असल्याच चांदीच्या नाण्यांचा साठा सापडल्याची बातमी बंदरावर आली. मी ती जिना उतरून स्वतः पोचवली.

"एका खड्ड्यात?" परकार म्हणाले. "सगळे एका खड्ड्यात?"

"हो. म्हणे एकगठ्ठा."

"त्यांची वळख तरी हाय काय त्यांना? कोण कुणाचा कोण?"

"शिकलेले लोक आहेत, असणारच."

परकारांचा चेहरा कार्ल्याचा रस प्यायल्यासारखा झाला. त्यांनी एकेक राजा सराफांच्या मागे लागून, नाखव्यांना चहा पाजून, बसऱ्याच्या दलालांशी हुज्जत घालून मिळवला होता. त्या शुक्रवारी डबा उघडलाच नाही. "खणून काढलेला राजा तो राजा नाय, बटाटा," एवढंच बोलले. मला त्या दिवशी दोन पोळ्या जास्त गेल्या.

आणि मग ती दिवाळी आली.

आमची लक्ष्मीपूजनाची चांदीची नाणी पुण्याला सासूबाईंच्या कपाटात राहिली होती. सुमननं धोशा लावला, की पूजेला चांदी हवीच. म्हणून मी बाजारात गेलो आणि एका सराफाकडून वाळवंटातल्या बेदुइन बायका घालतात तसला मोडका हार वजनावर घेतला. त्यात नाणी ओवलेली होती. बहुतेक कुठल्याशा जाड गोऱ्या राणीचं तोंड असलेली, सगळ्या अरबस्तानात चालतात तसली. एक मात्र काळंकुट्ट, वर कडी डाकलेली, तोंड कुणाचं ते कळेना. मी काही पाहिलं नाही. मला पूजेपुरती चांदी हवी होती.

सुमननं काय केलं ते कुठल्याही मराठी घरात सांगायची गरज नाही. सगळी नाणी चिंचेच्या कोळात भिजवली, रांगोळीनं खसाखसा घासली आणि आरशासारखी लख्ख करून चौरंगावर लाल कापडावर मांडली. हळद, कुंकू, अक्षता. संध्याकाळी परकार फराळाला आले. चकली तोंडाकडे नेली आणि हात तिथेच थांबला.

"वयनी," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला मी. "ह्यो कुठना आला?"

"हे होय? ह्यांनी हार आणला ना, त्यातला."

परकार चौरंगापासून हातभर लांब गुडघ्यांवर बसले. पूजेला शिवू नये म्हणून हात मागे बांधले आणि मान पुढे काढून पाहत राहिले. "अँटिओकस," ते म्हणाले. "सेल्युकसचा पोरगा. डोळे बगा कसे खोल गेलेत. तोच." मग एकदम मान वर केली. "घासलाव?"

"चिंचेनं," सुमन अभिमानानं म्हणाली. "आणि वर रांगोळी."

परकारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "दोन हजार वर्सं, वयनी! दोन हजार वर्सांत कुणी हात लावला नाय त्याच्या काळेपणाला!"

"म्हणूनच तर इतका काळा झाला होता," सुमन म्हणाली.

त्या रात्री सुमनच्या तोंडून मला कळलं, जे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी हेव्याच्या भरात कधी नीट पाहिलंच नव्हतं. सात वाट्यांपैकी एक रिकामी होती. सेल्युकसच्या शेजारची. तिच्यात कापसाची गादी घालून ठेवलेली, वर्षानुवर्षं. ती ह्या पोराची जागा. "बाप हाय, पोरगा नाय," असं परकार त्या वाटीकडे बोट दाखवून सांगत. आणि तो पोरगा आता आमच्या देवघरात कुंकू लावून बसला होता.

पुढचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. परकार रोज काहीतरी निमित्त काढून वर येत. कधी सुरमई आणली म्हणून, कधी कपडे वाळत घालायला नवा दोरखंड आणला म्हणून. तो दोरखंड एवढा जाड होता की त्याला मचवा बांधता आला असता. येत, देवघरासमोर उभे राहत आणि जाताना म्हणत, "टॉलेमी घ्या जोशीभाऊ. वर लिसिमाकस घ्या."

"बघू," मी म्हणायचो.

शुक्रवारची माणसंही आता आधी वर येऊन अँटिओकसचं दर्शन घेऊन मग खाली जायची. अबू सालेम आमच्याकडे कावा प्यायला. मी त्याला हत्ती सांगितले. आवाज काढायचा प्रयत्नसुद्धा केला. बेबी म्हणाली, "नॉट बॅड, बाबा." आणि एका संध्याकाळी परकार दारातच उभे राहून, चपलेकडे बघत म्हणाले, "शिकंदर घ्या."

"शिकंदर?"

"शिकंदर."

मी पुन्हा "बघू" म्हणालो. दार लावून वळलो तर सुमन समोर उभी.

"द्यायचं असेल तर द्या, नसेल तर नाही म्हणा," ती म्हणाली. "माणसाला असं उंबऱ्यावर ताटकळत ठेवू नये."

"देणारच आहे. शुक्रवारी, सगळ्यांसमोर. आणि बदल्यात काही घेणार नाही," मी छाती काढून म्हणालो. मनात भाषणही जुळवलं होतं.

"सगळ्यांसमोर कशाला? लोक यायच्या आधी जा आणि देऊन या," सुमन म्हणाली, आणि तिनंच देवघरातलं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. माझं भाषण वाया गेलं.

शुक्रवारी परकार नमाजाहून येऊन नुकते बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, समोर डबा. मी अँटिओकस त्या रिकाम्या वाटीत ठेवला. त्याच्या कपाळावर सुमननं लावलेलं कुंकू तसंच होतं. परकारांनी माझा हात धरला, धरूनच ठेवला. मला वाटलं आता हा माणूस नाचायला लागेल.

मग त्यांनी पोराची वाटी उचलून बापाच्या उजवीकडे ठेवली. पाहिलं. मग उचलून डावीकडे ठेवली. पाहिलं. मग वाटीतलं नाणंच फिरवलं.

"बगा जोशीभाऊ," ते म्हणाले. "दोघांची तोंडं एकाच बाजूला हायत. पोराला ह्या अंगाला ठेवला का बापाला त्याची पाठ दिसते. त्या अंगाला ठेवला का पोराला बापाची पाठ. समोरासमोर आणायचं म्हटलं तर एकाचं डोकं खाली करावं लागतं."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. त्या लोकांनी सगळ्यांची तोंडं उजवीकडे वळवून कोरली होती.

"इतकी वर्सं मला वाटायचं, ही वाटी भरली का झालं," परकार म्हणाले. "माझा यासीन दाभोळला मामाकडं हाय. त्याची आई गेली तवा अंगावर पीत होता. मामीनं वाढवला, चांगला वाढवला. मी पैसे धाडतांव, कपडे धाडतांव. मागच्या वर्सी गेलो तर अंगणात खेळत होता. मला बगून आत पळाला नि मामाला हाक मारली. अब्बा, कुवेतवाले चाचा आले, म्हणाला."

"मग तुम्ही?"

"मी चाचा म्हणूनच ऱ्हायलो. म्हयनाभर. त्याला कशाला गोंधळात टाका?"

त्याला इकडे आणा, असं काहीतरी मी पुटपुटलो. परकारांनी मान हलवली. "त्याचा अब्बा तिथं हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी अँटिओकस अलगद उचलला, कपाळावरच्या कुंकवाला बोट लागणार नाही असा कडेनं धरून माझ्या हातावर परत ठेवला.

"ह्याला वर न्या. वयनी रोज कुंकू लावतात, बेबी साखर ठेवते. घरातला झालाय तो. माझ्याकडं येऊन कापसावर पडेल. मी वर येऊन बगत जाईन." आणि म्हणाले, "मी तुमच्यावर लय जळतांव जोशीभाऊ. पहिल्यापासून."

"माझ्यावर?"

"संध्याकाळी तुमी कामावरना येऊन जिना चडताव. अर्धा जिना झाला नाय तवर ती पोर दार उघडून 'बाबा' करून बोंब मारते. खाली सगळं ऐकू येतं. तवा मी रेडिओ मोठा करतांव. तुमाला तरास होत असेल, माफ करा."

इतकी वर्षं मी ह्या एका वाक्याची वाट पाहत होतो, की परकार माझ्यावर जळतात. ते मिळालं आणि मला ते कुठे ठेवावं कळेना. एवढ्यात बाहेर अबू सालेमचं खाकरणं ऐकू आलं. परकारांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, डबा पुढे ओढला आणि घर दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "या या, बसा! आज टॉलेमीचा तमाशा सांगतांव!"

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तेव्हा मी खाली दारातच बूट काढून हातात घेतले आणि पावलांचा आवाज न करता जिना चढू लागलो. शेवटच्या चार पायऱ्या तर भिंतीला धरून चढलो. पण बेबीचे कान फार तिखट. तिनं धाडकन दार उघडलं आणि साऱ्या हवल्लीला ऐकू जाईल अशी "बाबाऽऽ" म्हणून आरोळी ठोकली.

मी तिथेच, बूट हातात घेऊन उभा राहिलो. खाली रेडिओचा आवाज मोठा झाला.